औष्णिक केंद्रे थांबतील तेव्हा : धानपट्ट्याने कशाची तयारी ठेवावी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे धानाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. त्यापैकी भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव व आजूबाजूचा चौरास भाग हा ओलिताच्या शेतीचा पट्टा होय. विहिरीला कमी खोलीवर पाणी लागते, त्यामुळे खरिपाच्या धानानंतर उन्हाळी धान, मिरची व भाजीपाला अशी पिके येथे घेतली जातात. या सगळ्या शेतीचा आधार म्हणजे मोटारपंप, आणि मोटारपंपाचा आधार म्हणजे वीज. आजवर ही वीज मुख्यतः कोळशापासून तयार होत आली आहे.

आसगावात औष्णिक केंद्र नाही. परंतु ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात आसगाव वसले आहे, त्याच खोऱ्यात दोन मोठी केंद्रे आहेत. नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील केंद्राची क्षमता २३२० मेगावॉट असून ते गोसीखुर्द जलाशयाच्या पाण्यावर चालते. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील केंद्र ३३०० मेगावॉटचे असून तेही वैनगंगेचे पाणी घेते. ही दोन्ही केंद्रे २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. वीजखरेदीचे करार साधारणपणे २५ वर्षांचे असतात. म्हणजे आज ज्यांची मुले प्राथमिक शाळेत आहेत, त्यांची मुले शेती हाती घेतील त्या सुमारास या केंद्रांचे पुढे काय करायचे हा प्रश्न उभा राहील. हा काळ दूरचा वाटतो. पण आंब्याचे कलम लावतानाही आपण इतकाच पुढचा विचार करतो.

प्रस्तुत लेखात औष्णिक केंद्र बंद झाल्यावर त्या परिसराच्या अर्थकारणात, विशेषतः शेतीत, काय बदल होतात आणि धान उत्पादक शेतकऱ्यांनी कोणत्या बाबींवर लक्ष ठेवावे याची माहिती दिली आहे.

आजची स्थिती

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोळशाची वीज उद्या बंद होणार नाही. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, परंतु कोळसा एकदम बंद न करता हळूहळू कमी करण्याची भूमिका घेतली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये तर २०३० पूर्वी औष्णिक संच निवृत्त करू नयेत असेच सुचविले. विदर्भात नवीन संचांचीही आखणी चालू आहे.

तरीही जुने संच बंद होत आलेले आहेत. कोराडीचे १९७४ पासून सुरू झालेले १२० मेगावॉटचे चार संच आज नाहीत. चंद्रपूरचे १९८३ व १९८४ मधील २१० मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झाले. बीड जिल्ह्यातील परळी येथील ३० मेगावॉटचे दोन व २१० मेगावॉटचे तीन संच सेवेतून गेले असून तेथे आता २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. देशात दिल्लीचे बदरपूर केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पंजाबमधील भटिंड्याचे केंद्र जानेवारी २०१८ मध्ये पूर्णपणे बंद झाले. इंग्लंडमध्ये, जेथे कोळशाच्या विजेची सुरुवात झाली, तेथील शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले.

केंद्र बंद पडण्याचा फटका प्रथम रोजगारावर बसतो. कायम कामगारांची बदली होते किंवा त्यांना निवृत्ती मिळते. परंतु कंत्राटी मजूर, वाहनचालक, राख वाहणारे, वसाहतीत दूध व भाजी विकणारे यांना असा आधार नसतो, आणि यातील बहुतेक जण आसपासच्या शेतकरी कुटुंबांतलेच असतात. घरातील एकाची केंद्रातील मजुरी असते म्हणून दुसऱ्याला बियाणे-खत उधारीशिवाय घेता येते. ही रक्कम कोणत्याही शेती अहवालात दिसत नाही, पण शेती तिच्यावर चाललेली असते. मुंबईच्या गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर कोकण व घाटावरच्या गावी येणाऱ्या मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा हीच गोष्ट महाराष्ट्राने एकदा अनुभवली आहे.

या बाबतीत वेळ किती मिळतो हे फार महत्त्वाचे ठरते. जर्मनीच्या रूर खोऱ्यात दगडी कोळशाच्या खाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कमी होत गेल्या आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. म्हणजे सुमारे साठ वर्षे मिळाली. याउलट ऑस्ट्रेलियातील हेझलवूड हे १६०० मेगावॉटचे केंद्र बंद होणार असे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले आणि मार्च २०१७ अखेर ते बंदही झाले. पाच महिन्यांत धड एक पीकही हाती येत नाही, मग माणसाला नवा धंदा कसा शिकता येईल?

मोकळे होणारे पाणी

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वात मोलाची बाब पाणी ही आहे. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात व ती वाफ चाके फिरवते. ही वाफ पुन्हा थंड करण्यासाठी जे पाणी लागते, त्याचा मोठा भाग शीतलन मनोऱ्यातून हवेत उडून जातो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी १००० युनिट विजेमागे ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा ठरवून दिली.

या मापाने हिशेब करून पाहू. मौदा केंद्र वर्षभर सरासरी ७० टक्के क्षमतेने चालले असे धरले, तर वर्षाला सुमारे १४२२ कोटी युनिट वीज तयार होईल. त्यासाठी मर्यादेप्रमाणे सुमारे ५० दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. गोसीखुर्द प्रकल्पाचा उपयुक्त साठा ७४० दशलक्ष घनमीटर आहे. त्याच्या हा जवळपास ७ टक्के झाला. उन्हाळी धानाला जमिनीच्या प्रकारानुसार १२०० ते १८०० मि.मी. पाणी लागते. सरासरी १५०० मि.मी. म्हणजे हेक्टरी १५,००० घनमीटर धरले आणि कालवा व पाटचाऱ्यांत निम्मे पाणी गळते असे मानले, तरी ५० दशलक्ष घनमीटरात सुमारे १६५० हेक्टर उन्हाळी धान भिजू शकतो. हेच पाणी हरभऱ्यासारख्या पिकाला दोन ओलितांत हेक्टरी २,००० घनमीटरप्रमाणे दिले, तर १२,५०० हेक्टरला पुरेल. पाणी कोणत्या पिकाला द्यायचे याचा निर्णय किती मोठा आहे, हे या दोन आकड्यांवरून लक्षात येईल.

मात्र संच बंद झाला म्हणून त्याचे पाणी आपोआप कालव्यात येते, असे समजू नये. चंद्रपूरचेच उदाहरण घ्या. तेथील ४२० मेगावॉटच्या दोन जुन्या संचांना वरील मापाने वर्षाला सुमारे ९ दशलक्ष घनमीटर पाणी लागत असावे. हे संच गेले, पण त्याच केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन नवे संच आले व केंद्राची एकूण क्षमता २३४० वरून २९२० मेगावॉटवर गेली. मग इरई धरणातील पाणी शेतीला कोठून मिळणार? पाण्याचे आरक्षण केंद्राच्या नावावर असते, संचाच्या नावावर नसते. केंद्र संपले तरी ते आरक्षण दुसऱ्या उद्योगाकडे वळविता येते.

विदर्भातील शेतकऱ्यांना हा विषय नवीन नाही. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथील औष्णिक केंद्रासाठी अप्पर वर्धा धरणातून ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी आंदोलन केले व न्यायालयात धावही घेतली. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. पाण्याचा क्रम सरकारदरबारी ठरतो आणि मागणी केल्यास तो बदलतोही, हे यावरून दिसते.

पाणी नसले तर केंद्राचे काय होते, तेही पाहावे. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. दुष्काळात शेती आणि वीज दोन्ही एकाच वेळी अडचणीत येतात. सौर पॅनेल धुण्यापुरतेच पाणी घेते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. तसेच, सर्वच केंद्रे नदीचे पाणी घेतात असेही नाही. कोराडीच्या केंद्रात नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरले जाते. असे केंद्र थांबले तर नदीचे पाणी त्या प्रमाणात मोकळे होणार नाही. ते सांडपाणी मात्र शेतीसाठी मागता येईल, अर्थात तपासणी करूनच.

राखेचा प्रश्न

आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. १००० मेगावॉटचे केंद्र ७० टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला सुमारे ४३ लाख टन कोळसा जळतो व ३५ टक्क्यांनी १५ लाख टन राख निघते. सिमेंट, विटा व रस्ते यांसाठी ती वापरली जाते. उरलेली तलावात साठते. केंद्र थांबले तरी हे तलाव तेथेच राहतात. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळील खसाळा येथील राखेचा बांध फुटून राखेचे पाणी शेतात व नाल्यात शिरले होते. चालू केंद्राकडे बांधाची देखभाल करणारी यंत्रणा असते. बंद केंद्राच्या तलावाची देखभाल कोणी व किती वर्षे करायची, हे केंद्र चालू असतानाच लेखी ठरले पाहिजे. बदरपूर येथे राखेच्या तलावाच्या जागेवर उद्यान उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. तशी जागा दिल्लीत मोलाची असते म्हणून पैसा निघाला. खेड्यातील तलावासाठी तो निघेलच याची खात्री नाही.

दुसरा परिणाम चटकन लक्षात येत नाही. राखेच्या विटा बनविणाऱ्यांना आज कच्चा माल जवळजवळ फुकट मिळतो. राख थांबली की वीटभट्टीची नजर पुन्हा शेताच्या वरच्या थराकडे वळेल. एक लाख विटांना सुमारे ३५० टन माती लागते. फूटभर खोलीने ती काढली, तर सुमारे आठ गुंठे जमिनीचा सुपीक थर जातो. बांधीतील हा थर तयार व्हायला पिढ्या लागलेल्या असतात व त्याची भरपाई कोणत्याही खताने होत नाही. म्हणून विटांसाठी जुन्या तलावांतील साठलेली राख आधी वापरावी, असा आग्रह ग्रामपंचायतींनी धरावा.

राख शेतात टाकावी का, असा प्रश्न अनेक शेतकरी विचारतात. राखेत सिलिका, चुना, थोडे पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. भारी कन्हार जमीन थोडी भुसभुशीत होण्यास आणि हलक्या बरडी जमिनीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढण्यास तिचा उपयोग होऊ शकतो. परंतु तीत नत्र व सेंद्रिय पदार्थ नसतात, बोरॉन जास्त असल्यास पिकास अपाय होतो आणि शिसे, आर्सेनिक यांसारख्या जड धातूंचे प्रमाण कोळशानुसार बदलते. त्यामुळे माती व राख या दोन्हींचे पृथक्करण करून घेतल्याशिवाय ती वापरू नये. प्रयोग करावयाचाच असल्यास एका गुंठ्यात १०० किलो, म्हणजे हेक्टरी १० टन, राख शेणखतासोबत टाकून एक हंगाम पाहावा. भाजीपाल्याच्या वाफ्यात ती मुळीच वापरू नये.

तणस विकावी की ठेवावी?

कोळशाचा वापर कमी करण्याचा एक मार्ग म्हणून केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना कोळशात पिकांच्या अवशेषांच्या गोळ्या मिसळणे बंधनकारक केले आहे. याबाबतचे धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये आले व २०२३ मधील सुधारणेनुसार मिश्रणाचे प्रमाण २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के ठरविण्यात आले. १००० मेगावॉटच्या केंद्राला केवळ ५ टक्क्यांनीही वर्षाला दोन लाख टनांहून अधिक गोळ्या लागतील. धानाची तणस हेक्टरी साडेचार टन धरली, तर ही ४५ ते ५० हजार हेक्टरांवरील तणस झाली. धानपट्ट्यात गोळ्यांचे कारखाने व तणस घेणारे व्यापारी येणार ते याचसाठी.

ही बाजारपेठ वाईट नाही. पंजाब-हरियाणात जी तणस शेतात जाळली जाते, तिला किंमत येणे चांगलेच. आपल्याकडे मात्र तणस हा जनावरांचा मुख्य चारा आहे, आणि धानाचे तूस गिरण्यांच्या बॉयलरमध्ये, विशेषतः उसना तांदूळ करताना, आधीच वापरले जाते. गावातली तणस ट्रकने जाऊ लागली की उन्हाळ्यात जनावरांना काय घालायचे, याचा विचार विक्री करण्यापूर्वी झाला पाहिजे.

शिवाय तणसेबरोबर जमिनीतील अन्नद्रव्येही गावाबाहेर जातात. एक टन तणसेत ५ ते ८ किलो नत्र, २ ते २.५ किलो स्फुरद आणि १४ ते २० किलो पालाश असते. सिलिका तर याहून कितीतरी जास्त असते व ती धानाला करपा व खोडकिडीविरुद्ध बळ देते. हेक्टरी साडेचार टन तणस विकली म्हणजे पालाशाच्या हिशेबाने म्युरेट ऑफ पोटॅशची दोन ते तीन पोती विकली. व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावातून ही पोती, कापणी-बांधणीची मजुरी व चाऱ्याची किंमत वजा करावी आणि उरलेल्या रकमेकडे पाहूनच सौदा करावा. माझ्या मते जनावरांना पुरेशी तणस ठेवून, खराब झालेली किंवा शेतात पडून राहणारी तणसच या बाजारात द्यावी.

गोळ्यांचे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या बचत गटांनी व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मालाचे गिऱ्हाईक औष्णिक केंद्र हेच आहे. केंद्र थांबले की गिऱ्हाईक गेले. तेव्हा यंत्राचे कर्ज केंद्राच्या उरलेल्या आयुष्याच्या बरेच आधी फिटेल असे असावे आणि तांदूळ गिरणी, वीटभट्टी, ढाबे असे दुसरे गिऱ्हाईकही जोडून ठेवावे.

दिवसा वीज आणि धानाचे पाणी

कोळशाच्या जागी येणारी वीज प्रामुख्याने सौर असेल व ती दिवसा तयार होते. चौरास भागातील शेतकऱ्यांची दिवसा विजेची मागणी जुनीच आहे. रात्री दोन वाजता बांधीवर जाऊन पाणी फिरविणे म्हणजे साप, विंचू, रानडुकरे व कधी कधी वाघ-बिबट यांच्याशी गाठ. राज्य शासनाने १४ जून २०१७ रोजी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. तो गावठाणापासून वेगळ्या केलेल्या कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्यासाठी आहे. २०२४ मध्ये मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आली. तीत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असून अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती व त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

दिवसा वीज मिळाल्याचा खरा फायदा पाणी वाचविण्यात करून घ्यावा. रात्रीची व भरवशाची नसलेली वीज असली की शेतकरी बांधी काठोकाठ भरून ठेवतो, कारण पुन्हा वीज केव्हा येईल हे ठाऊक नसते. वेळ ठरलेली असेल तर आलटून-पालटून ओलीत करण्याची पद्धत वापरता येते. यासाठी ३० सें.मी. लांब व १० ते १५ सें.मी. व्यासाचा प्लॅस्टिक पाइप घ्यावा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला छिद्रे पाडावीत आणि छिद्रांचा भाग जमिनीत जाईल असा तो बांधीत रोवून आतील चिखल काढून टाकावा. रोवणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, रोपे जोमात आल्यावर, बांधीत ५ सें.मी. पाणी द्यावे व ते आटू द्यावे. पाइपमधील पाणी जमिनीच्या पातळीपासून १५ सें.मी. खाली गेले की पुन्हा ५ सें.मी. पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या आधी एक आठवड्यापासून फुलोरा संपेपर्यंत मात्र बांधीत पाणी उभे ठेवावे. या पद्धतीने उत्पादनात घट न येता १५ ते ३० टक्के पाण्याची बचत होते. तण जास्त उगवते, हा तिचा दोष आहे. त्यासाठी कोनोवीडर किंवा शिफारशीत तणनाशक वापरावे.

सौर पंपाला बिल येत नाही, हे चांगले असले तरी त्यातच धोका आहे. चौरासचे पाणी वर आहे म्हणून ते कधी खाली जाणार नाही असे नाही. बिल नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर शेजाऱ्याची विहीर आधी आटते आणि मग आपली. तसेच खरिपात पावसाचा खंड पडतो तेव्हाही बरेचदा आभाळ झाकलेले असते. अशा दिवसांत सौर पंप पूर्ण ताकदीने चालत नाही. म्हणून बोडी व मामा तलावांचा गाळ काढून त्यांची साठवण वाढविणे सौर पंप आला तरी सोडू नये.

जमीन भाड्याने देताना

सौर प्रकल्पास एका मेगावॉटमागे चार ते पाच एकर जमीन लागते. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. खरीप धानाचे हेक्टरी ४० क्विंटल उत्पादन व २०२५-२६ चा साधारण धानाचा २३६९ रुपये आधारभूत दर धरला, तर एकूण उत्पन्नच ९५ हजारांच्या घरात जाते. खर्च वजा व्हायचाच असतो. म्हणजे एकपिकी जमिनीच्या मालकाला भाडे परवडते, हे खरेच आहे. त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही.

पण एका हेक्टर धानात पऱ्हे टाकण्यापासून चुरण्यापर्यंत, यंत्रांचा वापर कमी असेल तर, शंभराच्या आसपास मजूरदिवस लागतात. रोवणी-कापणीची मजुरी मुख्यतः महिलांना मिळते. जमीन ठेक्याने वा बटईने कसणाऱ्यालाही भाड्यातील एक रुपया मिळत नाही. प्रकल्प उभा राहताना काही महिने काम निघते, नंतर राखणदारी व पॅनेल धुण्यापुरतीच माणसे लागतात. औष्णिक केंद्र जितके हात कामाला लावते, तितके सौर प्रकल्प लावत नाही. म्हणून गेलेली मजुरी भरून काढावयाची असेल तर ती सौर पॅनेलमधून नव्हे, तर चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाची गावातच भरडाई व पॅकिंग, भिवापुरी मिरचीची पूड, मामा तलावातील मासे व शिंगाडा यांतून काढावी लागेल. त्यासाठी दिवसा मिळणारी खात्रीची वीज उपयोगी पडेल.

तेव्हा प्रकल्पासाठी आधी बरडी, पडीत व गावठाणालगतची निरुपयोगी जमीन पुढे करावी. दुपिकी ओलिताची कन्हार किंवा मोरांड बांधी देऊ नये. करार नोंदणीकृत असावा. भाडे कोणत्या तारखेला व कोणाच्या खात्यावर येणार, भाडेवाढ दरवर्षी की काही वर्षांनी, मुदत संपल्यावर पॅनेल, खांब व सिमेंटचे पाये कोण काढणार, जमिनीवर प्रकल्पाचे कर्ज चढणार का, आणि कंपनी बदलली तर करार कोणावर बंधनकारक राहील, हे सारे त्यात लिहिलेले असावे. मराठी प्रत वाचल्याशिवाय सही करू नये. सातबारावरील सर्व हिस्सेदारांची, बहिणींसह, संमती आधीच घ्यावी. नंतरचे तंटे २५ वर्षे चालतात.

पाण्याची मागणी कोठे करावी?

महाराष्ट्रात २००५ पासून पाणी वापर संस्थांना कायद्याचा आधार आहे. आपल्या लघुवितरिकेवर अशी संस्था नसेल तर ती स्थापन करावी व असेल तर तिची सभा नियमित घ्यावी. औष्णिक केंद्रासाठी आरक्षित पाणी, प्रत्यक्ष उचललेले पाणी आणि केंद्राचे उरलेले आयुष्य यांची माहिती जलसंपदा विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. ग्रामसभेने ठराव करून, केंद्राचा एखादा संच निवृत्त झाल्यास त्याच्या वाट्याचे पाणी प्रथम सिंचनास द्यावे, अशी मागणी आधीच नोंदवून ठेवावी. रब्बी व उन्हाळी हंगामाच्या पाण्याचे नियोजन कालवा सल्लागार समितीत होते. पावसाळा संपता संपता होणाऱ्या तिच्या बैठकीला जाताना मागील तीन वर्षांत आपल्या वितरिकेवर किती पाळ्या मिळाल्या, कोणत्या तारखांना मिळाल्या व शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचले का, याची नोंदवही सोबत न्यावी.